हाताखालचा हात

माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी काढलेलं पहिलं अक्षर खरं म्हणजे त्यांनी काढलेलं नव्हतं. पाटीवर ‘श्री’ आधीच उमटलेला असे, आपल्या बोटांत पेन्सिल असे आणि त्या बोटांना वरून वेढून मोठ्या माणसाचा हात. तो वळेल तशी पेन्सिल वळायची. माझ्या आजोबांचा तळवा खरखरीत होता, त्याला तपकिरीचा वास यायचा आणि पकड घट्ट असायची. ‘श्री’ रेखीव उठायचा, पण आज आठवते ती पकड. वेलांटी कुठून वर चढते आणि कुठे वळते, हे त्या पकडीतून मला कधीच कळलं नाही. ते कळलं पुढे, एकट्याने पाटी पुसून पुसून.

शिकणं म्हटलं की मराठीला वरचा हात आठवतो. कुणी उस्तादांच्या हाताखाली तयार होतो, कुणी मोठ्या वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करतो, गवंडीकाम शिकणारं पोर मिस्त्रीच्या हाताखाली असतं. जाणत्याचा हात वर, शिकणाऱ्याचा खाली. हा क्रम भाषेत इतका मुरला आहे की तो उलटा असू शकेल असं मनातही येत नाही. बधिरांध मुलांच्या शिक्षकांनी तो उलटा केला. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच. तिथे शिक्षकाचा हात मुलाच्या हाताखाली असतो.

मटार सोलायचे आहेत असं समजा. शिक्षिका मुलाचं मनगट पकडून त्याची बोटं शेंगेवर दाबत नाही. ती त्याच्या शेजारी बसते, आपला हात अलगद त्याच्या तळव्याखाली सरकवते आणि काम स्वतः करू लागते. मुलाची बोटं तिच्या बोटांच्या पाठीवर विसावलेली असतात. शेंग चिमटीत दाबली जाते, शिवण उकलते, तो बारीकसा धक्का तिच्या बोटांतून त्याच्या बोटांत जातो. मग अंगठा आतून फिरतो, दाणे निसटतात. एकदा, दहादा, पन्नासदा. नकोसं वाटलं तर मूल हात काढून घेऊ शकतं, कारण त्याला कुणी धरलेलं नाही. आणि एखाद्या दिवशी त्याचं एक बोट तिच्या दोन बोटांच्या फटीतून खाली उतरतं आणि स्वतःच दाणा शोधू लागतं. त्या क्षणी शिक्षिकेने आपला हात थोडा मागे घ्यायचा असतो. किती मागे आणि केव्हा, हे कुठल्या पुस्तकात नेमकं लिहिता येत नाही. सगळं कौशल्य तेवढ्यात आहे.

हे एवढं जपणं कशासाठी? कारण या मुलाचा हात म्हणजे नुसता हात नाही. पाहायचं त्यानेच, ऐकायचं त्यानेच, आणि बोलायचंही त्यानेच. आपण त्याचा हात धरून ओढतो तेव्हा जणू डोळस मुलाची हनुवटी पकडून ‘इकडे बघ’ म्हणत त्याची मान वळवतो आणि त्याच वेळी त्याच्या तोंडावरही हात ठेवतो. असं दिवसातून शंभरदा झालं की मूल मुठी आवळून घेतं. मग मोठी माणसं म्हणतात, याला शिकायचंच नाही.

‘बधिर’ आणि ‘अंध’ हे शब्द जोडले की संधीच्या नियमाने ‘बधिरांध’ होतं. दोन ऱ्हस्व ‘अ’ एकमेकांत मिसळतात आणि एक दीर्घ ‘आ’ उरतो. व्याकरणाने इथे नकळत मोठी खरी गोष्ट सांगितली आहे. बहिरेपण अधिक आंधळेपण अशी ही बेरीज नव्हे, ही तिसरीच अवस्था आहे. अंधशाळेचा सगळा भार कानावर असतो. बोलती पुस्तकं, काठीचा ठोका, बाईंचा आवाज. कर्णबधिरांच्या शाळेचा भार डोळ्यांवर. खुणा, ओठांची हालचाल, चित्रं. म्हणजे एका शाळेचा जो आधारस्तंभ, तोच दुसरीकडे ढासळलेला. सांख्यांनी अंध-पंगू न्याय सांगितला. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो, हा वाट सांगतो, तो चालतो आणि दोघे रान पार करतात. पण आंधळ्याला ऐकू येतं म्हणून तो दृष्टांत चालतो. तो दोरा तुटला की खांद्यावरच्याने वाट सांगायची कशी? उत्तर एकच आहे. खांद्यावर ठेवलेल्या हाताने सांगायची.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संपूर्ण काळोख आणि संपूर्ण शांतता अशी मुलं थोडी असतात. बहुतेकांकडे काही ना काही उरलेलं असतं. कुणाला खिडकीचा उजेड कळतो, कुणाला ढोलाचा दणका, कुणाला अगदी जवळ धरलेला लाल चेंडू. पण जे येतं ते तुकड्यातुकड्यांनी येतं आणि हे तुकडे जोडून देणारं माणूस शेजारी लागतं.

बधिरांध हेलन केलरच्या पंपाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अलाबामातलं टस्कम्बिया, ५ एप्रिल १८८७, एका हातावर पाण्याची धार आणि दुसऱ्या हातावर तिच्या शिक्षिका अॅन सलिव्हन लिहीत असलेली अक्षरं. मला त्या दिवसापेक्षा त्याच्या आधीचं आणि नंतरचं अधिक महत्त्वाचं वाटतं. सलिव्हन ३ मार्चला तिथे पोचल्या तेव्हा त्या २० वर्षांच्या होत्या. त्यांची स्वतःची दृष्टी लहानपणीच्या खुपऱ्यांनी अधू झाली होती आणि बालपणाची काही वर्षं अनाथ-गरिबांच्या आश्रमात गेली होती. महिनाभर त्या मुलीच्या तळव्यावर शब्द लिहीत राहिल्या. हेलन ते बोटांनी हुबेहूब परत लिहायची, पण पेला आणि पाणी यांची गल्लत काही सुटत नव्हती. शब्द हाताला येत होते, वस्तूला चिकटत नव्हते. पंपावर ते चिकटले.

त्यानंतर पाचच दिवसांनी सलिव्हन यांनी एक निर्णय घेतला. आजूबाजूला हेलनच्याच नात्यातलं सव्वा वर्षाचं मूल वावरत होतं. त्याला कुणी धडे देत नव्हतं, तरी ते बोलणं समजू लागलं होतं, कारण घरचे सगळे दिवसभर त्याच्याशी बोलत होते. मग सलिव्हन यांनी ठरावीक वेळेचे धडे बंद केले. लहान बाळाच्या कानात आपण जसं बोलतो तसं हेलनच्या हातात बोलायचं, पूर्ण वाक्यं, तिला सगळं कळेल की नाही याची फिकीर न करता. शिक्षणाच्या इतिहासात याहून धीट निर्णय मला फारसे आठवत नाहीत. मुलाला आधी शब्दांचा साठा द्या, मग वाक्य द्या, मग गप्पा, अशी आपल्या शाळांची उतरंड असते. सलिव्हन यांनी गप्पांपासून सुरुवात केली.

आणि ही हातावरची लिपी त्यांना आली कुठून? बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत त्या शिकत असताना तिथे लॉरा ब्रिजमन नावाची प्रौढ बधिरांध बाई राहत होती. १८३७ साली डॉ. सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी तिला, सात वर्षांच्या मुलीला, शाळेत आणलं होतं आणि चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावदार अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून भाषा शिकवली होती. लॉराशी बोलता यावं म्हणून सलिव्हन बोटांची लिपी शिकल्या. हेलनसाठी त्यांनी नेलेल्या बाहुलीचे कपडे लॉरानेच शिवले होते. म्हणजे जगातल्या या सर्वांत प्रसिद्ध शिक्षिकेच्या हाताला वळण लागलं ते एका बधिरांध स्त्रीशी बोलता बोलता.

वरचा हात नेहमीच वाईट, असं मात्र म्हणता येत नाही. मॉस्कोजवळच्या झागोर्स्कला १९६३ साली बधिरांध मुलांचं निवासी बालगृह सुरू झालं. अलेक्सांद्र मेश्चेर्याकोव्ह यांच्या तिथल्या कामाची सुरुवात अक्षरांनी नव्हे, चमच्याने व्हायची. शिक्षक मुलाच्या मागे उभा राहून त्याच्या हातावर हात ठेवी, चमचा वाटीत, वाटीतून तोंडाकडे. पण मुलाच्या हाताने स्वतःची एवढीशी ओढ दाखवली की शिक्षकाने तत्काळ जोर सैल करायचा. ती चाहूल कळली नाही आणि आपलंच रेटत राहिलो, तर नुकतीच उगवलेली इच्छा तिथेच विझते. तिथले चार विद्यार्थी १९७७ साली मॉस्को विद्यापीठातून मानसशास्त्राचे पदवीधर झाले. ते चौघे जन्मापासून पूर्ण बधिरांध नव्हते, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. तरी चमच्याचा धडा त्याने खोटा ठरत नाही.

हॉलंडमध्ये यान व्हान डाइक यांनी तर मुलाला काही करायला लावण्याच्याही आधीची पायरी शोधली. मूल पुढेमागे झुलत असेल तर त्याला थांबवायचं नाही. त्याला टेकून बसायचं आणि त्याच्याबरोबर झुलायचं. मग आपण अवचित थांबायचं. मूल क्षणभर गोंधळतं, वाट पाहतं आणि आपल्याला कोपराने हलकेच ढोसतं. त्या ढोसण्याचा अर्थ ‘अजून’. हे त्याचं पहिलं वाक्य. ज्या झुलण्याला बाकीचे खोड म्हणत होते, तिथूनच संभाषण सुरू होतं.

स्पर्शाला आपण कमी लेखतो. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगताना कुणाला खांब सापडला, कुणाला सूप, असं म्हणून हसतो. डोळा एका क्षणात सगळा हत्ती पाहतो हे खरं. हाताला तो पायापासून कानापर्यंत, एकामागून एक, जोडत जावा लागतो. पण त्या गोष्टीतल्या आंधळ्यांची चूक हातांची नव्हती. ते लवकर थांबले आणि एकमेकांना विचारलं नाही, एवढीच त्यांची चूक. पंढरपूरला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्श दर्शनाची वेगळी. लांबून मुख दिसलं तरी दर्शन होतंच, तरीही लोक पायांवर डोकं टेकवण्यासाठी तासन्‌तास उभे राहतात. त्यांना कुणी विचारत नाही, एवढा वेळ का. बधिरांध मुलाच्या वर्गाला मात्र तोच प्रश्न सतत विचारला जातो.

जैन दर्शनात इंद्रियांचा एक क्रम आहे. सर्वांत साध्या जीवाला फक्त स्पर्श. मग रस, मग गंध, मग डोळे आणि शेवटी कान. हा क्रम जीवांच्या वर्गीकरणाचा आहे, माणसामाणसांत उच्चनीच ठरवण्याचा नाही. पण त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ज्या दोन इंद्रियांवर आपण आपली सगळी शाळा उभारली, ती त्या यादीत अगदी शेवटी येतात. ज्याच्याशिवाय जीव जीवच नाही, ते इंद्रिय पहिलं आहे आणि आमच्या शाळेत त्याच्यासाठी एकही तास नाही. उलट घरोघरी मुलाला ऐकावी लागणारी पहिली मनाई ‘हात लावू नकोस’ हीच असते. शिवाशिवीचा एवढा काळा इतिहास ज्या समाजाने पाठीवर वाहिला, त्याच समाजात काही माणसं स्पर्शाची भाषा घडवत बसली आहेत, याचं मोल मला फार वाटतं.

या भाषेत काळही शिकवावा लागतो. आपल्याला ‘नंतर’ आणि ‘उद्या’ कानांनी मिळाले. या मुलाला ते खणांच्या पेटीतून मिळतात. एका ओळीत चार-पाच खण. पहिल्यात चमचा, म्हणजे नाश्ता. दुसऱ्यात पंचाचा तुकडा, म्हणजे आंघोळ. तिसऱ्यात झोक्याच्या दोरीचा तुकडा. मूल डावीकडून हात फिरवतं, वस्तू उचलतं, ते काम होतं आणि ती वस्तू ‘संपलं’च्या टोपलीत जाते. एखाद्या सकाळी दोरीच्या खणात दोरी नसते, कारण बाहेर पाऊस असतो. मूल खण पुन्हा चाचपतं आणि रडतं. ते रडणं ऐकून शिक्षिकेला आनंद होतो. जे आज होणार नाही त्याबद्दल मूल रडलं, म्हणजे त्याच्या मनात ‘नंतर’ तयार झाला.

हेलन केलर १९५५ साली भारतात येऊन गेल्या. त्यांच्या नावाची संस्था मुंबईत उभी राहायला आणखी २२ वर्षं लागली. बेरोज वाच्छा यांनी १९७७ साली ती सुरू केली, बधिरांध मुलांसाठी ही देशातली पहिली शाळा. पुढे तिथे शिक्षकही तयार होऊ लागले. १९९७ पासून अहमदाबादची सेन्स इंडिया ही संस्था या कामात आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा बधिरांधत्वाचा नावानिशी उल्लेख करतो. २०११ च्या जनगणनेत मात्र तो रकाना नव्हता. एकाहून अधिक अपंगत्वं असलेले सुमारे २१ लाख लोक त्या गणनेत आहेत आणि ही मुलं त्या आकड्यात कुठेतरी आहेत. ज्यांना वेगळं मोजलं नाही त्यांच्यासाठी शिक्षक किती लागतील, याचा हिशेब कुणी मांडायचा?

कारणांपैकी एक तर टाळता येण्याजोगं आहे. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांना इजा होऊ शकते. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांची हकिगत ऐकून १९४१ साली हा संबंध दाखवून दिला. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये. मोतीबिंदू असलेल्या तान्ह्या बाळाचे कानही त्याच वेळी तपासून घ्यावेत, हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं. डोळ्यांच्या धावपळीत कान मागे पडतात आणि त्यात वर्षं जातात.

दुसरं एक कारण हळूहळू येतं आणि म्हणून अधिक क्रूर वाटतं. अशर सिंड्रोममध्ये मूल बऱ्याचदा जन्मतः कर्णबधिर असतं. ते कर्णबधिरांच्या शाळेत जातं, खुणांच्या भाषेत वाढतं, मित्र जोडतं. मग शाळकरी वयात संध्याकाळी ठेचकाळू लागतं. नजरेचा परीघ आवळत जातो. मित्र हात वर करून विनोद सांगतात आणि त्याला अर्धाच दिसतो. सगळे हसतात तेव्हा ते उशिरा हसतं. मोठी होणारी अशी मुलंमुली बोलत नाहीत, बाजूला बसू लागतात. त्यांना ब्रेल हवी, पांढरी काठी हवी, पण त्याआधी मित्रांनी जवळ येऊन त्यांच्या हातात बोलायला हवं. खुणांची भाषा स्पर्शाने ऐकतात तेव्हाही ऐकणाऱ्याचे हात वर असतात आणि बोलणाऱ्याचे खाली. मटार सोलणाऱ्या मुलाचं आणि या तरुणाचं आसन एकच आहे.

आता त्या खालच्या हाताविषयी. एका मुलामागे एक मोठं माणूस, दिवसचे दिवस. साध्या वर्गातल्या शिक्षकाला निकाल दाखवता येतो. इथे वर्षभराची कमाई म्हणजे मुलाने पहिल्या खणातला चमचा आपणहून उचलला एवढीच असू शकते आणि ती पाहायला खोलीत दुसरं कुणी नसतं. कित्येक विशेष शिक्षक कंत्राटावर आहेत. घरी जाऊन शिकवणारी शिक्षिका आठवड्याचे काही तास देते, बाकीचे सगळे आईच्या वाट्याला येतात आणि आईला तर कुणीच शिकवलेलं नसतं. शिवाय हाताला पटकन कळत नाहीत अशा गोष्टी असतात. मुलाचा श्वास किंचित थांबला, बोट क्षणभर स्थिर झालं, म्हणजे ते लक्ष देत होतं. ते आपण ओलांडून पुढे गेलो. म्हणून जाणकार संस्थांत शिकवण्याचं चित्रीकरण करतात आणि शिक्षक मिळून ते सावकाश, पुन्हा पुन्हा पाहतात. दोन मिनिटांच्या चित्रफितीवर तासभर बोलणं होतं. हे कौतुक म्हणून नव्हे, गरज म्हणून प्रत्येक शिक्षिकेला मिळायला हवं.

सलिव्हन यांनाही आपल्या कामाबद्दल बोलायला कुणीतरी मिळालं होतं. १८८७ च्या त्या महिन्यांत त्या पर्किन्समधल्या सोफिया हॉपकिन्स या मातेसमान बाईंना पत्रं लिहीत होत्या. आज काय फसलं, जेवणाच्या टेबलावर कशी झटापट झाली, कुठल्या विचाराने धडे सोडले, सगळं. त्या दिवसांची खडान्‌खडा माहिती आज आपल्याला आहे ती त्या पत्रांमुळे. मला वाटतं, ती पत्रं लिहायला कुणी नसतं तर सलिव्हन टस्कम्बियात टिकल्याच नसत्या. शिक्षिकेचा हात मुलाच्या हाताखाली दिवसभर राहायचा असेल तर तिच्या हाताखालीही कुणाचा तरी हात हवा. नियमित पगार, सोबतीला दुसरा शिक्षक, दूरच्या तालुक्यातून फोन केला तर उत्तर देणारं जाणकार माणूस. शासनाकडे मागायचं ते आधी हे मागावं, इमारती नंतर.

आणि आपण, जे शिक्षक नाही? लग्नात, एसटीत, शेजारच्या घरी असं मूल किंवा तरुण भेटला तर लांबून कळवळू नका आणि मागून अचानक पाठीवर हातही ठेवू नका. शेजारी बसा. आपण कोण आहोत हे कळावं म्हणून दर भेटीत तीच खूण द्या, हातातलं घड्याळ, बांगडी, काहीही चालेल. आपला हात त्याच्या हाताजवळ खाली ठेवा आणि वाट पाहा, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त. त्याने हात काढून घेतला तर घेऊ द्या. थोड्या वेळाने पुन्हा ठेवा.